एक नाटक, चार पडदे : गावच्या प्रयोगाचे व्हिडिओ टीव्ही, फोन आणि लाईव्हसाठी कसे तयार करावे

थंडी पडली की गोव्यात जत्रांचा हंगाम, आणि जत्रा म्हटली की नाटक आलेच. फोंडा, डिचोली, सत्तरी, पेडणे, कुठेही जा, देवळाच्या मंडपात रात्री उशिरा तिसरी घंटा होणारच. आता प्रत्येक मंडळाला प्रयोगाचा व्हिडिओही हवा असतो. ते काम बहुतेक वेळा ज्याचा फोन सगळ्यात नवा त्याच्या गळ्यात पडते. हा लेख त्याच्यासाठी आहे.

माझ्या गळ्यात पडले तेव्हा मी अख्खे नाटक फोनवर टिपले आणि तीच फाईल सगळ्यांना वाटली. शेजारच्या मामांच्या टीव्हीला पेनड्राईव्ह लावला, तर नाट्यपद ऐकू येतेय आणि पडदा काळाकुट्ट. "बरे झाले, रेडिओवर नाटक ऐकून खूप वर्षे झाली होती," मामा म्हणाले. दुबईतल्या भावाला राजाचा भरजरी शेला धुऊन वाळत घातल्यासारखा फिका दिसला. व्हॉट्सअ‍ॅपवर तर पात्रांना नाक-डोळेच उरले नव्हते. मुंबईच्या मावसभावाच्या लॅपटॉपवर मात्र सगळे झकास. फाईल एकच, गती चार. चूक एवढीच होती की, बघणारा कोण हे विचारायच्या आधी मी फाईल केली.

पहिली पायरी : बघणाऱ्यांची यादी

वही घ्या आणि लिहा: कोण बघणार, कशावर बघणार, इंटरनेट कसले. आमच्या वाड्यावरची यादी साधारण अशी निघते. वडीलधारी मंडळी दहा वर्षे जुन्या टीव्हीवर पेनड्राईव्ह लावून बघतात. कॉलेजची पोरे मोबाईल डेटावर बघतात. मुंबई-पुण्याचे आणि परदेशातले नातेवाईक घरच्या वायफायवर, यूट्यूबवर, जमल्यास प्रयोग चालू असतानाच बघतात. उरलेल्या सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर "माझा प्रवेश तेवढा पाठव" असे हवे असते. तुमची यादी वेगळी निघेल. पण ती कागदावर आल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण पुढचा प्रत्येक आकडा तिच्यातूनच ठरतो.

दुसरी पायरी : डबा ओळखा, आतले जेवणही ओळखा

नवख्या माणसाचा पहिला गोंधळ इथे होतो. "एमपी४ आहे, मग चालायला हवी ना?" एमपी४ हा नुसता डबा. आत शीतकडी आहे की बिर्याणी, हे डब्याच्या झाकणावरून कळत नाही. एमकेव्ही, एमओव्ही, एव्हीआय हेही डबेच. आतल्या चित्राची आणि आवाजाची जी भाषा असते तिला कोडेक म्हणतात, आणि टीव्हीला ती भाषा येते की नाही यावर सगळे अवलंबून असते. मामांच्या टीव्हीला आवाजाची भाषा येत होती, चित्राची नव्हती. म्हणून रेडिओ झाला.

भाषा लागतेच कशाला? जरा हिशेब करा. १९२० बाय १०८० चे चित्र, सेकंदाला २५ चित्रे, न दाबता साठवले तर साध्या ८ बिटच्या रंगातही सेकंदाला सुमारे ७८ एमबी होतात, तासाला २८० जीबी. तोच तास आपण ५ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबिटने (८ बिट म्हणजे १ बाइट), साठवतो तेव्हा सव्वादोन जीबीत बसतो. म्हणजे सव्वाशे भागांतला एक भाग ठेवला आणि बाकीचे टाकून दिले, तरी मामांना राजा राजासारखाच दिसला पाहिजे.

ही किमया रंगमंचावर फार सोपी समजते. मागे जंगलाचा पडदा आहे. तो अर्धा तास हलत नाही. हलतो तो राजा. एन्कोडर, म्हणजे चित्र दाबून लिहिणारा, पूर्ण चित्र एकदा लिहितो, त्याला कीफ्रेम म्हणतात. मग पुढच्या चित्रांत "पडदा तोच, राजा दोन बोटे डावीकडे" एवढेच लिहितो. म्हणून नाटक हे एन्कोडरचे आवडते गिऱ्हाईक. उलट शिगम्याचा रोमटामेळ, गुलाल, दिवजांच्या शेकडो हलत्या ज्योती, किंवा आपला जुलैतला पाऊस हे त्याचे शत्रू. तिथे प्रत्येक चित्रात सगळेच बदललेले असते. नाटकाला पुरलेले आकडे शिगम्याला वापरलेत तर मिरवणुकीचे चौकोनी तुकडे पडतात. अशा कामाला निदान दीडपट बिटरेट द्या. बिटरेट म्हणजे सेकंदाला किती माहिती खर्च करायची तो दर.

भाषा मुख्यतः चार. एच.२६४ ही २००३ची. एच.२६५, म्हणजेच एचईव्हीसी, २०१३ची. ती तेवढ्याच दर्जाला बरीच कमी जागा घेते, अनुकूल दृश्यात जवळजवळ निम्मी. व्हीपी९ त्याच वर्षीची, गूगलची. एव्ही१ २०१८ची, अनेक कंपन्यांनी मिळून काढलेली, वापरायला मानधन न मागणारी. नवी भाषा जास्त हुशार, हे खरे. पण टीव्हीत चित्र उलगडण्याचे काम एक चिप करते, आणि ती कारखान्यातून निघताना जेवढे शिकली तेवढेच तिला येते. म्हणून माझे मत ठाम आहे: हातोहात वाटायच्या प्रतीसाठी एच.२६४ आणि आवाजासाठी एएसी. जागा थोडी जास्त जाईल, जाऊ द्या.

तिसरी पायरी : टिपतानाच निम्मे काम उरका

आयफोन असेल तर सेटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडा आणि एचडीआर व्हिडिओ (उजेड-अंधाराचा जास्त मोठा पल्ला टिपणारी पद्धत) बंद करा. अँड्रॉइडवरही एचडीआर आणि एचईव्हीसी बंद करण्याची सोय बहुधा कॅमेऱ्याच्याच सेटिंगमध्ये असते. भावाला दिसलेला फिका शेला हा एचडीआरचा प्रताप होता. १० बिटचे रंग साध्या पडद्यावर नीट उतरवले नाहीत तर ते असे विटतात.

मंडपातले दिवे ५० हर्ट्झच्या विजेवर चालतात, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा उजळतात आणि मंदावतात. आपल्या डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. चित्रावरून काळे पट्टे सरकताना दिसले तर शटर १/५० किंवा १/१०० वर बांधा. जमल्यास सेकंदाला २५ चित्रे ठेवा. हा एक बदल केलात तर नंतरची निम्मी कटकट वाचते.

प्रकाशही कुलूपबंद करा. नाहीतर रंगमंचावर अंधार झाला की फोन घाबरून सगळे उजळवतो आणि विंगेत उभा असलेला मेकअपवालासुद्धा दिसायला लागतो. फोन आडवा, तिवईवर, आणि शक्यतो मधल्या वाटेच्या टोकाला. पहिल्या रांगेत महाजन बसतात, त्यांच्या डोक्यांवरून टिपण्याइतकी उंची घ्या.

आवाज मात्र फोनच्या माइकवर सोडू नका. साउंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वेगळी वायर मागा. तो आधी नाही म्हणेल, मग चहा घेऊन देईल. ती वायर लाईन पातळीची, म्हणजे माइकपेक्षा बरीच जोरकस असते. ती माइकच्या भोकात घातली तर आवाज फुटतो, म्हणून मधे पातळी उतरवणारा जोड हवा. प्रेक्षकांचे हसणे आणि टाळ्या मात्र फोनच्याच माइकवर घ्या आणि नंतर थोड्या मिसळा. टाळ्यांशिवायचे नाटक ऐकायला रिकाम्या घरासारखे वाटते.

चौथी पायरी : मूळ प्रत, जिला हात लावायचा नाही

कॅमेऱ्यातून निघालेली फाईल दोन ठिकाणी ठेवा आणि पुढच्या सगळ्या प्रती तिच्यातूनच काढा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या प्रतीवरून टीव्हीची प्रत करणे म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स. एकदा टाकून दिलेली माहिती कुठलेही सॉफ्टवेअर परत आणत नाही.

पाचवी पायरी : टीव्हीची प्रत

सगळ्यात जास्त तक्रारी इथूनच येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. व्हिडिओची भाषा आणि आकार बदलणारे हँडब्रेक हे सॉफ्टवेअर फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते. मूळ फाईल त्यात ओढून आणा आणि तयार प्रीसेटमधून 'फास्ट ७२०पी३०' निवडा, म्हणजे चित्र उंचीला ७२० ठिपक्यांचे. १०८० का नाही? गावातले बरेचसे ३२ इंची टीव्ही 'एचडी रेडी' असतात, त्यांच्या पडद्यावर १३६६ बाय ७६८ एवढेच ठिपके असतात. १०८०चे चित्र तिथे आकसूनच दिसणार, मग ओझे कशाला?

डबा एमपी४. व्हिडिओच्या पानावर एन्कोडर एच.२६४, साधा, १० बिटचा नव्हे. फ्रेमरेट मूळ फाईलइतकाच, पण 'कॉन्स्टंट' वर खूण करा. फोन उजेडाप्रमाणे सेकंदातल्या चित्रांची संख्या कमीजास्त करतो. जुना टीव्ही त्यात गोंधळतो आणि तिसऱ्या अंकात ओठ आधी, शब्द नंतर असे होते. गुणवत्तेचा आरएफ आकडा २१ ठेवा. हा आकडा उलटा चालतो: लहान म्हणजे चांगले चित्र आणि मोठी फाईल. सहाने वाढवला की फाईल साधारण अर्धी होते. आवाज एएसी, स्टिरिओ, १६० केबीपीएस. डीटीएससारखे आवाजाचे प्रकार काही टीव्हींना अजिबात येत नाहीत, मग उलटा प्रकार होतो: चित्र आहे आणि मूकनाट्य चालले आहे.

आता पेनड्राईव्ह. जुन्या टीव्हीला हमखास वाचता येते ती एफएटी३२ पद्धत, आणि तिच्यात एक फाईल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. पेनड्राईव्हमध्ये ६४ जीबी रिकामे असले तरी संगणक "जागा नाही" अशा अर्थाचे काहीतरी सांगतो आणि माणूस चक्रावतो. ३ एमबीपीएसने अडीच तासांचे नाटक सुमारे ३.४ जीबी होते, बसते. पण आपली उत्सवी नाटके अडीच तासांत कुठे संपतात! म्हणून प्रत्येक अंकाची वेगळी फाईल करा. मामांनाही दुसरा अंक शोधायला सारखे बटण दाबत बसावे लागत नाही.

नावे आणि श्रेयनामावली देवनागरीत असेल, किंवा बाहेरच्या कोणासाठी भाषांतराच्या ओळी द्यायच्या असतील, तर त्या चित्रातच भाजून टाका. हँडब्रेकच्या सबटायटल पानावर त्यासाठी 'बर्न इन' आहे. त्या ओळींची वेगळी एसआरटी फाईल दिली तर कित्येक टीव्ही अक्षरांच्या जागी चौकोन दाखवतात, आणि दाखवलीच तर वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते. 'शांतादुर्गा'चे नाव भलतेच वाचायला लागले की देवळात तोंड दाखवायची सोय राहत नाही. अक्षरे कडेपासून थोडी आत ठेवा, जुने टीव्ही चित्राच्या चारही कडा जराशा खातात.

सहावी पायरी : फोनची प्रत

मोबाईल डेटाचा हिशेब इथे महत्त्वाचा. २.५ एमबीपीएसचे ७२०पी चित्र अडीच तास बघितले तर २.८ जीबी जातात. ज्याच्या पॅकमध्ये दिवसाला दीड जीबी आहे, त्याच्या दृष्टीने नायिका दुसऱ्या अंकातच अंतर्धान पावते. तेच ४८०पी, १ एमबीपीएसने केले तर १.१ जीबी. सहा इंची पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही. आवाज मात्र ९६ च्या खाली नेऊ नका. बारीक चित्र लोक खपवून घेतात, खरखरीत नाट्यपद नाही.

फाईल लिंकवरून बघायची असेल तर हँडब्रेकमधल्या 'वेब ऑप्टिमाइज्ड' या चौकोनात खूण करा. एमपी४ची अनुक्रमणिका सहसा फाईलच्या शेवटी लिहिली जाते. ती पुढे आणून ठेवली की व्हिडिओ लगेच सुरू होतो. नाहीतर काही ठिकाणी सगळी फाईल उतरेपर्यंत नुसते चक्र फिरत राहते.

व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून पाठवलेला व्हिडिओ ते स्वतः पुन्हा दाबते, तिथेच पात्रांचे नाक-डोळे जातात. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, तसाच पोचतो. मर्यादा २ जीबीची आहे. "माझा प्रवेश" मागणाऱ्यांना पाच-सात मिनिटांचा तुकडा कापून द्या, अख्खे नाटक कोणी गटात बघत नाही.

सातवी पायरी : लाईव्ह

हे जमले की वाड्यावर तुमचा भाव वाढतो. रात्री अकराला नाटक सुरू झाले तर दुबईत साडेनऊ आणि थंडीच्या दिवसांत लंडनमध्ये संध्याकाळचे साडेपाच वाजलेले असतात. तिकडची मंडळी आपल्यापेक्षा ताजीतवानी बसून बघतात.

वर ज्या वेगवेगळ्या प्रती आपण हाताने केल्या, त्या लाईव्हमध्ये यूट्यूबसारखी सेवा करते. तुम्ही एकच चांगला प्रवाह पाठवता. तिकडे त्याची शिडी तयार होते: १०८०, ७२०, ४८०, ३६०. प्रत्येक पायरीचे काही सेकंदांचे तुकडे पाडले जातात आणि बघणाऱ्याचा फोन आपल्या इंटरनेटप्रमाणे तुकड्या-तुकड्याला पायरी बदलतो. म्हणून घाटात गाडी शिरली की चित्र धूसर होते पण तुटत नाही. अ‍ॅपलने २००९ मध्ये आणलेली एचएलएस आणि २०१२ मध्ये मानक झालेली डॅश, या दोन पद्धती बहुतेक सगळीकडे हेच करतात. तुकडे भरून पाठवायचे म्हणजे उशीर आलाच. मंडपात टाळी पडली की लंडनला ती पंधरा-वीस सेकंदांनी, कधी अर्ध्या मिनिटाने ऐकू येते. त्यामुळे फोनवरून "आता कोण आले?" असे विचारणाऱ्या आत्याशी वाद घालू नका, ती मागच्या प्रवेशात आहे.

खरी परीक्षा अपलोडची. स्पीड टेस्टमध्ये सगळे डाउनलोडचा मोठा आकडा बघून खूश होतात. तुम्ही दुसरा आकडा बघा, आणि तोही दुपारी नव्हे, जत्रेच्या गर्दीच्या वेळी. जत्रेच्या बाजारातली हजार माणसे एकाच टॉवरवर फोटो चढवत असतात. मिळालेल्या आकड्याचा निम्माच भाग वापरायचा. ६ एमबीपीएस अपलोड असेल तर ३ने पाठवा. देवळाच्या कार्यालयात किंवा जवळच्या घरात फायबर असेल तर तिथून लॅन केबल ओढा. सत्तरीतल्या डोंगराआडच्या वाड्यांवर मोबाईलवर भिस्त ठेवण्यापेक्षा रेकॉर्डिंग करून दुसऱ्या दिवशी चढवणे शहाणपणाचे.

लॅपटॉपवर लाईव्ह पाठवण्यासाठी ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर घाला, तेही फुकट. आउटपुटमध्ये रेट कंट्रोल सीबीआर, म्हणजे दर कायम. इथे हँडब्रेकसारखे 'दर्जा धर, आकार होईल तो होवो' चालत नाही, कारण नळाची रुंदी ठरलेली आहे. ७२०पी, सेकंदाला २५ चित्रे, ३००० केबीपीएस, आवाज १२८. कीफ्रेमचे अंतर २ सेकंद टाका, शून्यावर सोडू नका. शिडीची पायरी बदलता येते ती कीफ्रेमवरच. त्या लांब लांब पडल्या तर बघणाऱ्याचे चित्र अडकते. त्याच वेळी लॅपटॉपवर रेकॉर्डिंगही चालू ठेवा, पण एमकेव्हीमध्ये. वीज गेली तर अर्धवट एमपी४ बहुधा उघडतच नाही, एमकेव्ही तुटलेल्या जागेपर्यंत शाबूत राहते. नंतर ओबीएसच्याच 'रिमक्स' मधून मिनिटभरात एमपी४ करून घ्या.

आणि वीज जाणार आहे, हे धरूनच चला. लॅपटॉपला बॅटरी असते, फायबरच्या डब्याला आणि राउटरला नसते. त्या दोघांना छोट्या यूपीएसवर लावा. हे मी दोन जत्रा वाया घालवून शिकलो.

यूट्यूबवर पहिल्यांदा लाईव्ह चालू करताना परवानगी मिळायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, म्हणून जत्रेच्या आदल्या आठवड्यातच करून ठेवा. आणखी एक मेख: १२ तासांपेक्षा लांब लाईव्ह आपोआप साठवले जात नाही. नाटकाला याचे काही नाही. पण आपल्याकडे वास्कोच्या दामोदर भजनी सप्ताहासारखे २४ तासांचे अखंड भजन दाखवायचे झाले, तर भजनाचे गट बदलताना प्रवाह तोडून तीन-चार भागांत करा. भजन अखंड राहू द्या, फाईल नको.

मध्यंतरात साउंडवाला चित्रपटगीते लावतो. यूट्यूब ती ओळखते आणि लाईव्ह मधेच थांबवू शकते. त्या दहा मिनिटांत मिक्सरची वायर बंद करा आणि जाहिरातीची पाटी दाखवा. लेखकाकडून प्रयोगाची परवानगी घेतली म्हणजे प्रक्षेपणाचीही मिळाली असे होत नाही, ती वेगळी मागा. फक्त गावच्या लोकांसाठी असेल तर 'अनलिस्टेड' ठेवून लिंक वाटा.

आठवी पायरी : वाटण्याआधी

संपूर्ण प्रत करायच्या आधी सगळ्यात अंधाऱ्या आणि सगळ्यात धावपळीच्या प्रवेशाचा दोन मिनिटांचा तुकडा काढा. तलवारबाजी असेल तर तोच घ्या. तो यादीतल्या सगळ्यात जुन्या टीव्हीवर आणि सगळ्यात स्वस्त फोनवर चालवून बघा, स्वतःच्या लॅपटॉपवर नव्हे. अंधारात चौकोन दिसले तर आरएफ दोनाने कमी करा, ओठ आणि शब्द जुळत नसतील तर 'कॉन्स्टंट' ची खूण राहिली आहे का बघा, आणि पडदा काळाच राहिला तर दुसऱ्या पायरीवर परत जा.

मी हा तुकडा आता मामांच्याच घरी नेतो. ते चष्मा लावतात, राजाच्या मिशीकडे बोट दाखवतात आणि डावी बाजू सुटत आली आहे म्हणतात. मिशी एवढी दिसली की मी बाकीचे अंक लावून टाकतो.